कंपन्यांच्या सल्लागाराला स्वयंसेवी संस्थेसाठी तयार करताना

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी स्लाइड्स नकोत. प्रत्येकाच्या हातात एखाद्या न्यासाचा ताळेबंद आणि देणगीदारांची मंजुरीपत्रं द्या (नावं खोडून) आणि एवढंच विचारा: उद्या पगार अडले, तर यातले किती पैसे वापरता येतील? समजा, बँकेत ४० लाख आहेत. बहुतेक जण ४० लाखच सांगतात. मंजुरीपत्रं वाचली की ३४ लाख ठरावीक प्रकल्पांचे निघतात, हातात उरतात ६. ही चूक वर्गातच झालेली बरी.

कायद्याला अर्धा दिवस पुरे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच, आणि २०२० पासून ती देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘छोट्या संस्थांना निधी वाटा’ हा चकचकीत सल्ला इथेच कोसळतो.

मग जोडीजोडीनं ५ दिवस संस्थेत पाठवा. पहिले दोन दिवस सल्ला द्यायला सक्त बंदी! हिशेबनिसाशेजारी बसून व्हाउचर लावायची, कार्यकर्तीबरोबर वस्तीत फिरायचं. एकाच वर्गाची हजेरी तीन वह्यांत का, हे तिथेच कळतं: तीन देणगीदार, तीन नमुने. सल्लागार मात्र लगेच ॲप सुचवतो आणि चौथी वही वाढते.

अहवाल चार पानी, मराठीत. प्रत्येक शिफारशीपुढे कोण करणार, आठवड्याला किती तास, पैसे कुठल्या निधीतून, हे नसेल तर परत करा. ‘नवीन माणूस नेमा’ ही शिफारस सहसा याच चाळणीत अडकते.