परसातले पक्षी टिपा रिमोट शटरने

इंदूरमध्ये पक्षी पाहायचे म्हटलं की सगळे सिरपूरचं नाव घेतात. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेला तो तलाव आहेच तसा. पण तिथले पाणपक्षी काठापासून दूर असतात आणि त्यांच्यासाठी लांब पल्ल्याची महागडी लेन्स लागते. रामबाग किंवा लोकमान्य नगरात ज्यांच्या घरामागे अजून एखादा पेरू, पारिजातक, जास्वंद टिकून आहे, त्यांना ती गरज नाही. पक्षी बुजतो तो माणसाला. जागचा न हलणाऱ्या कॅमेऱ्याची त्याला लवकर सवय होते. म्हणून कॅमेरा पक्ष्यापाशी ठेवायचा, आपण खिडकीआड बसायचं आणि रिमोटचं बटण दाबायचं. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची साधी लेन्सही याला पुरते.

आधी पाणी आणि फांदी

मातीचं उथळ परळ घ्या, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको. रोज सकाळी घासून ताजं पाणी भरा. परळ झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरते. भोवती दोन-अडीच मीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे पक्ष्यांना शेव, फरसाण टाकायची सवय फार आहे. मीठ आणि तेल त्यांना अपायकारक आहे, तेव्हा ते अजिबात नको. बाजरी, ज्वारी किंवा पिकल्या पपईची फोड ठेवा. पपईवर बुलबुल हमखास येतात.

आता परळापासून हातभर अंतरावर बोटाएवढी जाड, वाळकी फांदी कुंडीत रोवा आणि बुंध्याशी विटा लावून घट्ट करा. बहुतेक पक्षी थेट पाण्यात उतरत नाहीत, आधी जवळ कुठेतरी बसून अंदाज घेतात. ती बसायची जागा आपण ठरवून द्यायची. माझ्या मते या सगळ्या उद्योगात फांदीची जागा निवडणं हेच खरं काम आहे. सकाळचं ऊन तुमच्या खिडकीच्या बाजूने फांदीवर पडेल आणि मागे तीन-चार मीटरपर्यंत काही नसेल, असं बघा. मागे चुन्याची पांढरी भिंत आली तर कॅमेऱ्याचा कोन बदलून कडुनिंबाची सावली मागे घ्या.

पाच-सहा दिवस कॅमेऱ्याच्या जागी काळं फडकं गुंडाळलेला डबा स्टुलावर ठेवा. पक्षी त्याला सरावले की मगच कॅमेरा लावा.

कोणता रिमोट

पहिला रिमोट तारेचाच घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. त्याला सेल लागत नाहीत, मधे भिंत आली तरी अडत नाही आणि अर्धं बटण दाबून कॅमेरा जागा ठेवता येतो. तार मात्र मीटरभरच असते, त्यामुळे एक्स्टेन्शन घ्यावं लागतं. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, म्हणून दुकानात जाताना कॅमेरा बरोबर न्या. इन्फ्रारेड रिमोट स्वस्त असतो, पण त्याला कॅमेऱ्यावरचा सेन्सर समोर दिसावा लागतो आणि भर उन्हात तो दगा देतो. तार ओढायची नसेल तर रेडिओ रिमोट घ्या. त्याचा रिसीव्हर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो आणि खिडकीतूनही चालतो.

मोबाइलने काढायचं असेल तर सेल्फी स्टिकचं ब्लूटूथ बटण पुरतं. फोन परळापासून फूटभरावर टेकवा आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करा.

फोकस आणि सेटिंग

कॅमेरा ट्रायपॉडवर, फांदीच्या उंचीला, मीटरभर अंतरावर लावा. फांदीवर कपड्यांचा चिमटा अडकवून त्यावर ऑटोफोकस करा, मग लेन्सचं बटण एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर सरकवा. चिमटा काढायला विसरू नका.

इथे एक हिशेब लक्षात घ्या. एपीएस-सी सेन्सर (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा), लेन्स ५० मिमीवर, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ आणि एक मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम ११-१२ सेंटिमीटर खोल असते. शिंजीर दहाएक सेंटिमीटरचा, तो कसाही बसला तरी मावतो. लालबुड्या बुलबुल मात्र वीसएक सेंटिमीटर लांब. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला तर शेपटी धूसर होणार. म्हणून फांदी कॅमेऱ्याला आडवी ठेवा, म्हणजे पक्षी कुशीवरून दिसेल.

शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा. फुलापाशी फडफडणाऱ्या शिंजिरासाठी १/२००० हवं. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवलेलं बरं, कारण काळापांढरा दयाळ आला की ऑटो गोंधळतो आणि त्याचे पांढरे पट्टे जळतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद, ऑटो पॉवर ऑफही बंद. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल आणि एक्स्पोजर ऑटोच ठेवायचं असेल, तर मागच्या नेत्रिकेवर कापड टाका. नाहीतर तिथून शिरलेल्या उजेडाने मोजणी चुकते. सायलेंट शटर असेल तर वापरा, मात्र उडत्या पंखांचा आकार त्यात वाकडा येऊ शकतो.

बटण कधी दाबायचं

खोलीतला दिवा बंद करा. पक्षी फांदीवर उतरला की लगेच क्लिक करू नका, त्याला पाण्यापर्यंत जाऊ द्या. पाण्याचा फोटो हवा असेल तर चिमट्याची युक्ती परळाच्या काठावर करून ठेवा. बुलबुल, साळुंकी चोच बुडवून घोट घेतात आणि तो घशात उतरवायला मान वर करतात. त्या क्षणी डोळ्यात उजेड चमकतो, तेव्हाच दोन-तीन फ्रेम घ्या. होला आणि कबुतर चोच पाण्यातच ठेवून ओढून पितात, त्यांची मान वर होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सातभाईंची टोळी आंघोळीला आली की मात्र बर्स्ट (सलग फ्रेम घेण्याचा मोड) लावा आणि बोट उचलू नका.

बटण दाबूनही कॅमेरा गप्प राहिला तर आधी लेन्स ऑटोफोकसवरच राहिली आहे का ते पाहा. फोकस मिळाला नाही की शटर सुटत नाही. मग ड्राइव्ह मोड (एकच फ्रेम, सलग की रिमोट ही निवड), सेल आणि पिन तपासा.

मे महिन्यात आठच्या पुढे कॅमेरा उन्हात ठेवू नका. घरटं सापडलं तर हा सगळा सरंजाम तिथे नेऊ नका. कॅमेऱ्यामुळे आईबाप पिलांकडे यायचे थांबू शकतात. हिवाळ्यात थिरथिरा येतो, तो किडे टिपायला सारखा जमिनीवर उतरतो. त्याच्यासाठी ट्रायपॉड बाजूला ठेवा, कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि तो नेहमी ज्या विटेवर उतरतो तिच्यावर फोकस लावा.