बिअर बॅटरची भजी मऊ पडतायत? या चुका टाळा

बिअर बॅटर म्हणजे पाण्याऐवजी बिअरमधी भिजवलेलं पीठ. त्याची सगळी करामत बिअरमधल्या गॅसची आहे, हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप कळतात बघा. पीठ गरम तेलात पडलं की बिअरमधला कार्बन डायऑक्साइड फुगून बाहेर पडतो, अल्कोहोल ७८ अंशाच्या आसपास म्हणजे पाण्याच्या आधीच उकळतं, आणि आवरण झटकन सुकून हलकं, जाळीदार होतं. गॅस आधीच उडाला असेल तर मग साध्या पाण्यातलंच पीठ म्हणा की.

सगळ्यात मोठी चूक आपल्या बेसनाच्या सवयीतून होते. कांदाभज्याला आपण पीठ भिजवून ठेवतो, हातानं चांगलं फेटतो, पण इथं नेमकं तेच करायचं नाही! मैदा जितका घोटाल तितका चिवट होतो आणि आवरण वातड लागतं. एक वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, मीठ, थोडं लाल तिखट आधी कोरडंच मिसळून ठेवा, तेल तापलं की मगच फ्रीजमधली थंडगार बिअर साधारण वाटीभर ओता आणि चमच्यानं दहाबारा वेळा फिरवून थांबा, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. सांगलीत एप्रिल-मेमधी स्वयंपाकघर भट्टीसारखं तापतं, तेव्हा बॅटरचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, कारण थंड बिअर गॅस जास्त वेळ धरून ठेवते.

पीठ सुटून कढईत तरंगतंय? मग आतली वस्तू ओली आहे. कांदाभज्याला आपण कांद्याला मीठ लावून पाणी सुटू देतो, पण रिंगा करताना कांद्याला मीठ लावूच नका. कृष्णेचा मासा असो नाहीतर मिरची, कपड्यानं कोरडं पुसा, कोरड्या मैद्यात घोळवून जादा पीठ झटका, मग बॅटरमधी बुडवा.

तेलाचं म्हणाल तर १८० अंशाच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर बॅटरचा थेंब सोडा, जरासा खाली जाऊन लगेच वर आला की तेल झालं. तळालाच बसला तर थांबा, टाकल्याटाकल्या करपला तर गॅस कमी करा. आपल्याकडं घाण्याचं शेंगदाणा तेल आवडीनं वापरतात, चवीला ते भारीच, पण एवढ्या आचेवर लवकर धुरावतं म्हणून यासाठी रिफाइंडच घ्या. आणि घाणा छोटा काढा, कढई गच्च भरली की तेल गार होतं आणि भजी तेल पितात.

तळून झालं की पेपरवर ढीग घालू नका, वाफेनं खालची बाजू मऊ पडते. स्टीलच्या जाळीवर सुटी सुटी ठेवा.

बिअर साधी लागर, म्हणजे नेहमीची हलक्या चवीची पुरते, फार कडवट घेतली तर तो कडवटपणा आवरणात उतरतो. उघडून ठेवलेली उरलीसुरली बाटली मात्र यासाठी वापरू नका, तिच्यात गॅसच राहिलेला नसतो. बाटली कढईपासून लांब ठेवा, तेलात थेंब उडाला तर तेल अंगावर येतं.

आणि एक, तळल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं असं नाही, थोडं राहू शकतं. त्यामुळं पाहुण्यांना आधी सांगा, आणि मुलांसाठी किंवा न घेणाऱ्यांसाठी थंडगार साध्या सोडा वॉटरमधी वेगळं बॅटर करून त्यांचा घाणा स्वच्छ तेलात आधी काढा. बिअरचा खमंगपणा त्यात येत नाही, पण कुरकुरीत मस्त होतात.