कचऱ्याच्या डब्याभोवतीची चिलटं: स्प्रे बाजूला ठेवा, आधी अळ्या शोधा

आधी ओळखा नक्की काय उडतंय ते, कारण दिसेल त्याला चिलट म्हणून स्प्रे मारत बसण्यात काही अर्थ नाही. लालसर डोळ्यांचं, पिवळट-तपकिरी, जेमतेम 3 मिमीचं, डब्याच्या तोंडाशी घोटाळणारं असेल तर ती फळमाशी. करडं, केसाळ, छोट्या पतंगासारखं भिंतीला चिकटून बसणारं असेल तर ते ड्रेनमधून येतं, डबा कितीही धुवा फरक पडणार नाही. काळं, लांब पायांचं, कुंड्यांपाशी रेंगाळणारं दिसलं तर कुंडीतली माती वरून सुकू द्या, मगच पाणी घाला. डब्यात पांढऱ्या वळवळणाऱ्या सेंटीमीटरभर अळ्या म्हणजे मोठ्या माश्या, पिशवीला गाठ मारून लगेच बाहेर काढा आणि डबा उकळत्या पाण्याने धुवा.

फळमाशी असेल तर कचरा काढा, जास्त पिकलेली फळं फ्रिजमध्ये ठेवा.

आता खरी मेख. मला सगळ्यात जास्त दमवलं ते डबा घासण्याच्या कामाने. पिशवीला बारीक भोक पडतं, रस खाली झिरपतो आणि तळाच्या कोपऱ्यात, काठाच्या आतल्या वळणात, झाकणाच्या बिजागरीत तपकिरी बुळबुळीत थर साचतो. अंडी, अळ्या सगळं त्यातच. थोडं वर कोरड्या जागी तांदळाच्या कणीएवढे तपकिरी दाणे चिकटलेले दिसले तर ते कोष, तेही खरवडून काढा. बरेच जण सांगतात ब्लीच ओता आणि विसरा, अजिबात ऐकू नका, थर न घासता ओतलं की ते वरून वाहून जातं आणि खालच्या अळ्या मजेत राहतात. गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घ्या, बिजागरीत ब्रश घालून घासा, मग डबा उपडा करून खडखडीत वाळवा, ओल्या डब्यात नवी पिशवी घालायचीच नाही. आणि ब्लीच वापरलंच तर त्यात व्हिनेगर किंवा अॅसिडवालं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

उरलेल्या माश्यांसाठी वाटीत व्हिनेगर आणि 2-3 थेंब डिशवॉश लिक्विड. साबणाशिवाय माश्या व्हिनेगरवर बसून परत उडून जातात. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला 8-10 दिवस लागतात, म्हणून वाटी 2 आठवडे तरी ठेवा.

तरीही येतायत? सिंकची जाळी कोरडी करून रात्री तिच्यावर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, हवेला थोडी फट सोडून. सकाळी काही चिकटलं तर पाइप आतून ब्रशने घासा. नाही चिकटलं तर ओला मॉप, रिकाम्या बाटल्या आणि फ्रिजखालचा ट्रे बघा.