इंजिन बदललं की बेल्ट चढवायच्या आधी बार लावून बघा

स्कूटरचं व्हेरिएटर ज्याने एकदा उघडलंय त्याला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, अवघड नाही, दोन पुल्या आणि मधे रबरी बेल्ट, पुढची प्रायमरी क्रँकवर आणि मागची सेकंडरी जॅकशाफ्टवर, म्हणजे ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर. पण स्कूटरला दोन्ही पुल्या एकाच इंजिनावर असतात, त्यामुळे रेष सहसा हलत नाही. इथे इंजिन रबरी माउंटवर आणि सेकंडरी चॅसीवर, म्हणजे इंजिन बाहेर काढलं की अलाइनमेंट, दोन पुल्यांची जुळलेली रेष, गेलीच समजा.

उत्तर ओंटारिओतल्या एका वर्कशॉपमधला माझा पहिलाच हिवाळा होता. इंजिन बसवलं, मापं घेतली, सगळं बरोबर आलं, आणि मग माउंटचे बोल्ट शेवटचे आवळले. तिथेच चूक झाली, आवळताना इंजिन किंचित फिरलं आणि मी परत मोजलंच नाही. वीसेक किलोमीटरवर जळक्या रबराचा वास यायला लागला, गार्ड काढला तर आत काळा भुगा, आणि बेल्टची एक कड काचेसारखी गुळगुळीत झालेली. गिऱ्हाईक बाहेर उणे पंचवीसमध्ये थांबलं होतं, ते अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळल्यावरच मी शेवटचं माप घेतो. बेल्ट काढून त्या मॉडेलचा अलाइनमेंट बार, म्हणजे ठरावीक मापाची धातूची पट्टी, सेकंडरीच्या फटीत बसवायचा आणि दुसरं टोक प्रायमरीपाशी किती अंतरावर येतं ते पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला, दोन्हीकडे बघायचं. दोन्हीकडे अंतर वेगळं आलं तर इंजिन तिरकं बसलंय, माउंट सैल करून सरकवा. सारखं आहे पण मापात नाही, तर तो ऑफसेट, म्हणजे पुली आत-बाहेर बसलीय, सेकंडरीच्या मागचे शिम (पातळ चकत्या) कमीजास्त करा. आकडे त्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या, दुसऱ्या गाडीचे चालत नाहीत. आणि टॉर्क स्टॉप (इंजिनला सरकण्यापासून अडवणारा आधार) असेल तर त्याचाही गॅप बघा, कारण थ्रॉटल दिला की बेल्ट इंजिनला मागे खेचतो.

प्रायमरी चढवताना क्रँकचा टेपर, म्हणजे निमुळतं टोक, कोरडा आणि स्वच्छ हवा, तिथे ग्रीस अजिबात नको.

नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवून चढवा, पहिले पन्नासेक किलोमीटर पूर्ण थ्रॉटल नको. मग इंजिन बंद करून गार्ड उघडा आणि पुल्यांना हात लावून बघा, कोमट लागल्या तर ठीक, हात टेकवत नसेल तर बार लावून परत मोजायचं.