लिमिट होल्डेम: बिग ब्लाइंडमधून ब्लफ करताना या चुका टाळा

होल्डेम हा पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच. नो-लिमिट (हवी तेवढी बेट लावता येते तो खेळ) खेळून आलेला माणूस लिमिटच्या टेबलावरही समोरच्याला घाबरवायला बघतो. इथे बेट ठरलेली असते, त्यामुळे घाबरवायला हातात काही नसतं. ब्लफ, म्हणजे कमकुवत हाताने बेट मारून समोरच्याला पत्ते टाकायला लावणं, चालतो तो स्वस्त पडतो म्हणून.

कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममधला २०-४० डॉलरचा खेळ घ्या, म्हणजे आधीच्या फेऱ्यांत बेट २० ची, शेवटच्या दोन फेऱ्यांत ४० ची. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, १० (स्मॉल) आणि २० (बिग). बटणवाल्याने (फ्लॉपपासून पुढे सगळ्यात शेवटी चाल करणाऱ्याने) रेझ मारून, म्हणजे रक्कम वाढवून, ४० केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये. आता ७० च्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या पैशांसाठी) तुम्हाला २० भरायचे आहेत. जिंकण्याची शक्यता २२ टक्के असली की हिशोब जमतो. पुढच्या फेऱ्यांत त्याच्या आधी चाल करावी लागत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त हवी. तरीही बरेच जण सहा-पंजी एकाच रंगाची असूनही फेकतात. अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ प्रोग्रामने २०१५ मध्ये दोघांमधला लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. तोसुद्धा बिग ब्लाइंडमधून फार कमी हात टाकतो.

समजा सहा-पंजीने कॉल केलात (तेवढे पैसे भरलेत) आणि फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, राजा, अठ्ठी, चौकी आली. पॉट ९०. तुम्ही चेक (बेट न लावता चाल सोडली), त्याची २० ची बेट, त्यावर तुमचा ४० चा रेझ, म्हणजेच चेक-रेझ. तो २७ टक्के वेळा पत्ते टाकून पळाला तरी भरपाई होते, शिवाय सत्ती आली की तुमची स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते). काहीच बनू शकत नाही अशा हाताने हाच रेझ मारणं ही चूक.

त्याहून महागाची चूक टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) होते. फ्लॉपवर रेझ मारायचा, त्याने कॉल केला की टर्नला गुपचूप चेक! आता पॉट १७० आहे आणि बेट ४० ची. पाचात एकदा पळाला तरी तुमचं भागतं. मात्र टर्नला एक्का पडला तर हात आवरा, कारण बटणवाल्याकडे एक्का फार वेळा असतो.

रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) सत्ती आलीच नाही तर? पॉट २५०, बेट ४०. सातात एकदा यश पुरतं. इथे लोक म्हणतात, ‘जोडीवाला कॉल करणारच, मग कशाला?’ जोडीवाल्याला पळवायचंच नाहीये. त्याच्याकडे राणी-गुलाम असतील तर तेही तुमच्या छक्कीला हरवतात, आणि तोच हात पळतो.

याउलट तुमच्याकडे एक्का-नव्वी असेल तर ब्लफ नको. असा एक्का शोडाउनला (शेवटी पत्ते उघडल्यावर) बऱ्याचदा जिंकतो. तो नेमाने कॉल करत न्यावा. बेट मारलीत तर तुमच्यापेक्षा कमकुवत हात पळतात आणि वरचढ हात थांबतात.

हे सगळं एकच प्रतिस्पर्धी असताना. फ्लॉपला तिघे-चौघे असतील तर नुसता ब्लफ विसरा, कुणीतरी बघतोच. आणि स्मॉल ब्लाइंडमधून याच रेझला कॉल करायला २० ऐवजी ३० लागतात, वर बिग ब्लाइंड अजून मागे बसलेला असतो. तिथे शक्यतो रीरेझ करा, नाहीतर पत्ते टाका.