दगडी (गाईच्या कासेला जंतूंमुळे येणारी सूज) टाळायची असेल तर धार काढल्यावर गाय बसू देऊ नका

धार काढून झाली की सडाचं तोंड लगेच बंद होत नाही, अर्धा तास तरी उघडंच राहतं आणि गाय तशीच शेणामुतात बसली की जंतू सरळ आत जातात, म्हणून वैरण-पेंड धारेनंतरच टाका म्हणजे ती खात उभी राहते. धार झाली की वैरण टाकायच्या आधी चारही सडं पोव्हिडोन आयोडीनच्या टीट डिपमध्ये (सडं बुडवायचं जंतुनाशक औषध) बुडवायची, हे दोन्ही वेळेला, कंटाळा करायचा नाही. अंगठा दुमडून पिळू नका, आतून सड दुखावतं, मुठीनेच काढा.

रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घेऊन बघा. गाठी, पाणचट दूध किंवा रक्त दिसलं, कास गरम कडक लागली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, लेप लावून दोन दिवस वाट बघण्यातच सड जातं हो. खराब दूध गोठ्यात ओतू नका, त्या गाईची धार सगळ्यात शेवटी. डॉक्टरांनी सडात सोडायला दिलेल्या औषधाच्या ट्यूबचा कोर्स पूर्ण करा आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. गाय आटवताना (विण्याआधी धार बंद करताना) सडात ट्यूब सोडायची का तेही त्यांनाच विचारून घ्या.