भाजी कधी लावायची? या चुका टाळा

मार्चमध्ये रोपवाटिकेत टोमॅटोची टवटवीत रोपं दिसली की हात आपोआप खिशात जातो. मीही एकदा अशी बारा रोपं पुण्यातल्या आमच्या गच्चीवर लावली. एप्रिलअखेर झाडं कमरेएवढी झाली, फुलांनी लगडली आणि रोज सकाळी कुंड्यांभोवती पिवळ्या फुलांचा सडा पडू लागला. शेणखत घातलं, पाणी वाढवलं, मग कमी केलं, आंबट ताकही फवारून झालं. फळ एक नाही.

दोष खतापाण्याचा नव्हता. पारा ३५ अंशांच्या वर टिकून राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. रोप लावल्यावर महिना-सव्वा महिन्यात फुलं येतात. म्हणजे मार्चच्या मध्याला लावलेलं रोप ऐन वैशाखवणव्यात फुलावर येणार, हे बोटांवर मोजूनही कळलं असतं. तेव्हापासून मी आधी फुलाची वेळ ठरवते आणि तिथून मागे मोजते. सप्टेंबरात बी, ऑक्टोबरात रोप, नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत फुलं. चूक होऊन गेलीच असेल तर शेडनेट बांधून बघा, पण फार आशा ठेवू नका. त्या कुंड्यांत गवार किंवा चवळी टोचलेली बरी, त्यांना ऊन मानवतं.

‘मृग लागला की सगळं पेरायचं’

मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनच्या सुमारास. कोरडवाहू शेतकरी त्याची वाट बघतो, कारण त्याचं पाणी आभाळात असतं. आपलं पाणी नळाला आहे! दोडका, कारलं, काकडी यांचं बी मेच्या उत्तरार्धातच पिशव्यांत टोचलं, तर पावसाचा जोर वाढेपर्यंत वेल मांडवाला लागतो. मेथी-कोथिंबिरीचं मात्र उलटं. मुसळधार पावसात बी वाहून जातं आणि उगवलेली रोपं मातीलगत कुजून कोलमडतात. पावसाळ्यात त्या लावायच्याच असतील तर पत्र्याखाली किंवा प्लास्टिकच्या आडोशाला, नाहीतर सरळ माठ आणि अंबाडी लावा.

आज ऊन येतं म्हणून कुंडी तिथेच

गॅलरीत बाग करणारे या चुकीत हमखास सापडतात. पुणे-मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. मेमध्ये उत्तरेच्या गॅलरीत ऊन बघून आपण खूश होतो, ऑक्टोबरात तिथेच वांगी-टोमॅटो लावतो आणि डिसेंबरात तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. झाडं लांबुडकी होतात, पानं फिकट पडतात, आणि आपण खत घालत बसतो. दक्षिणेच्या गॅलरीत याउलट: हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं, ऐन उन्हाळ्यात कठड्याच्या आत फारसं येतच नाही. म्हणून हिवाळी फळभाज्या दक्षिणेला लावा. उत्तरेला एप्रिल-मेमध्ये पालेभाजी करून घ्या.

परदेशातून आलेलं कांद्याचं बी

अमेरिकेतून येणारे नातलग हौसेनं बियांची पाकिटं आणतात. कांदा दिवसाची लांबी बघून गड्डा धरतो. तिकडच्या उत्तर भागातल्या अनेक जातींना १४ तासांहून मोठा दिवस लागतो आणि पुण्यातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. मग जन्मभर पातच खायची. आपल्याकडच्या जातींतही हंगाम पाहावा लागतो. ‘बसवंत ७८०’ खरिपाची, ‘एन-२-४-१’ रब्बीची. रब्बीचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून साधारण डिसेंबरात रोपं लावतात. गावरान पावट्याचंही असंच. फेब्रुवारी-मार्चात लावला तर वेल छतापर्यंत जातो, पण दिवस लहान होईपर्यंत शेंग धरत नाही. तोवर तुम्ही पानांवरची मावा कीड पुसत बसा.

दुसऱ्या गावचं वेळापत्रक

निफाडला डिसेंबरात पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो. त्या गारठ्यात टोचलेलं दुधी-काकडीचं बी उगवण्याऐवजी कुजतं. संक्रांत होऊन थंडी ओसरू द्या. कोकणात इतका गारठा नसतो, तिथे भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. विदर्भात उन्हाळा असा तापतो की वेलवर्गीय भाज्या जानेवारी-फेब्रुवारीतच लावून मोकळं व्हावं. तेव्हा नागपूरच्या मावशीनं सांगितलेली तारीख रत्नागिरीत चालेल असं धरू नका.

कोथिंबीर उगवली नाही, उगवली ती फुलावर गेली

गणपती गेले की लगेच धणे पेरायचा मोह होतो. पुढे ऑक्टोबर हीट उभी असते आणि तापलेल्या मातीत धणे नीट उगवत नाहीत. रात्री गारवा जाणवू लागला, साधारण दिवाळीच्या आगेमागे, की पेरा. धणे रगडून दोन भाग करा आणि उगवायला पंधरा दिवस द्या. आठव्या दिवशी माती उकरून बघू नका (मी बघते). सगळं बी एकदम न पेरता दर दहा दिवसांनी मूठभर पेरलं तर जुडी सलग मिळते. फेब्रुवारीनंतर पेरलेली कोथिंबीर उष्णता वाढली की लवकर फुलावर जाते, पाणी मारून ती थांबत नाही.

उशिरा लावलेला मुळाही असाच फुलावर जातो आणि आत जून होतो. तो उपटू नका. पांढरी-जांभळी फुलं येऊ द्या, मागोमाग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. कोवळ्या असतानाच तोडा आणि डाळ घालून भाजी करा.